आधी हातपाय चाचपा, मग डोस ठरवा: रक्तप्रवाह आणि औषधाचा निचरा

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. पावसाळा होता. मालवणकडचे एक तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, तापाने आणि उलट्यांनी बेजार होऊन वॉर्डात आले. वय 72, वजन जेमतेम 48 किलो. "डॉक्टरानू, पोटात पाणी सुद्धा रवणा नाय," एवढंच बोलले आणि डोळे मिटून पडून राहिले. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तात वाढणारं टाकाऊ द्रव्य, 1.3 आलं. रिपोर्टच्या कागदावर ते मर्यादेच्या काठावर होतं, म्हणून मी ते सोडून दिलं आणि जेंटामायसिन हे मूत्रपिंडातून बाहेर जाणारं अँटिबायोटिक नेहमीच्या डोसने सुरू केलं. ताप उतरला, घरी गेले. तीन आठवड्यांनी परत आले ते भिंतीला धरून चालत. होडीत उभं राहिलं की तोल जातो, अंधारात तर पाय कुठे पडतोय तेच कळत नाही, असं सांगत होते. जेंटामायसिन शरीरात साचलं की आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या पेशी मारतं, आणि त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. ज्या माणसाने पन्नास वर्षं समुद्रावर तोल सांभाळला, त्याचा तोल माझ्या हातून गेला.

औषध योग्य होतं, पुस्तकातला डोसही बरोबर होता. त्या दिवशी त्यांच्या मूत्रपिंडापर्यंत रक्त किती पोचतंय, हा प्रश्न मात्र मी विचारला नव्हता. हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. नव्याने रुजू झालेले बाँडवरचे डॉक्टर, परिचारिका, समुदाय आरोग्य अधिकारी आणि फार्मसीची मुलं यांना समोर ठेवून लिहिते आहे. घरी वाचणाऱ्यांनी यावरून स्वतःचे डोस कमी-जास्त करू नयेत. आपल्या डॉक्टरांना काय विचारायचं, एवढं यातून नक्की मिळेल.

पहिली पायरी: क्लिअरन्स म्हणजे काय, ते पक्कं करा

शब्द सगळे वापरतात, पण परीक्षेत विचारलं की दहापैकी सात मुलं सांगतात, "दर मिनिटाला शरीराबाहेर जाणारं औषध." हे चूक आहे. क्लिअरन्स मोजतात मिलिलिटरमध्ये, मिलिग्रॅममध्ये मोजत नाहीत. दर मिनिटाला किती मिलिलिटर रक्त त्या औषधापासून पूर्ण मोकळं झालं, तो हा आकडा.

एखाद्या अवयवात दर मिनिटाला 1000 मिलिलिटर रक्त शिरतं आणि त्यातलं निम्मं औषध तिथेच काढून घेतलं जातं असं धरा. मग 500 मिलिलिटर रक्त पूर्ण साफ झाल्यासारखंच झालं. क्लिअरन्स 500. म्हणजे हिशेब सोपा आहे: अवयवात येणारं रक्त गुणिले एका फेरीत काढून घेतलेला वाटा. या वाट्याला एक्स्ट्रॅक्शन रेशो म्हणतात. शून्य म्हणजे काहीच काढलं नाही, एक म्हणजे सगळं काढलं.

या गुणाकारात रक्तप्रवाह आहे हे लक्षात ठेवा. अवयव कितीही कामसू असला तरी त्याच्या दारात जेवढं रक्त येतं त्यापेक्षा जास्त रक्त तो साफ करू शकत नाही.

दुसरी पायरी: रक्त जातं कुठे?

साधारण 70 किलोच्या निरोगी माणसाचं हृदय आरामात असताना मिनिटाला 5 लिटरच्या आसपास रक्त ढकलतं. त्यातलं जवळजवळ दीड लिटर यकृतातून जातं आणि 1.1 ते 1.2 लिटर दोन्ही मूत्रपिंडांतून. मूत्रपिंडं दोन्ही मिळून 300 ग्रॅमच्या आसपास, शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा नाहीत, आणि हृदयाच्या रक्ताचा पाचवा हिस्सा घेतात. स्वतःच्या पोटापाण्यासाठी त्यांना एवढं लागत नाही. हे रक्त गाळण्यासाठी येतं.

यकृताची सोय आणखी वेगळी. तिथे येणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून, म्हणजे आतड्यांतून फिरून येतं. राहिलेलं धमनीतून. म्हणून तोंडाने घेतलेली गोळी आतड्यातून रक्तात उतरली की शरीरभर जाण्याआधी तिला यकृताच्या दारातून जावंच लागतं.

शरीर संकटात आलं की रक्त वाचवतं ते मेंदूसाठी आणि हृदयासाठी. आधी काटकसर होते त्वचेची, आतड्यांची (आणि त्यांच्याकडून रक्त घेणाऱ्या यकृताची) आणि मूत्रपिंडांची. आपली बहुतेक औषधं बाहेर काढणारे अवयव नेमके याच काटकसरीच्या यादीत आहेत.

तिसरी पायरी: यकृताचं गणित, काजूच्या कारखान्यात

वेंगुर्ल्याकडे काजूच्या कारखान्यात गेला असाल तर हे चटकन समजेल. बिया फोडणाऱ्या बायका ओळीने बसलेल्या आहेत आणि समोरून टोपल्या येत आहेत. हात एवढा सरावाचा की टोपली आली की रिकामी. अशा ठिकाणी दिवसाचं काम कशावर ठरतं? टोपल्या किती येतात त्यावर. टोपल्या निम्म्या झाल्या की काम निम्मं झालं, बायका तेवढ्याच असल्या तरी.

आता दुसरा कारखाना घ्या. तिथे दोनच बाया, त्याही नवशिक्या. समोर टोपल्यांचा ढीग पडलेला. आणखी दहा टोपल्या आणल्या तरी काम वाढत नाही, दहा कमी केल्या तरी घटत नाही. तिथे काम ठरतं हातांवर.

यकृतासाठी औषधांचेही असेच दोन प्रकार पडतात. पहिल्या कारखान्यातली औषधं म्हणजे लिग्नोकेन, प्रोप्रॅनोलॉल, मॉर्फिन, व्हेरापामिल, लॅबेटालॉल, नायट्रोग्लिसरीन. यांचा एक्स्ट्रॅक्शन रेशो साधारण 0.7 च्या वर, यकृतात आली की एका फेरीत बहुतेक साफ. यांचा क्लिअरन्स रक्तप्रवाहावर चालतो. दुसऱ्या कारखान्यातली म्हणजे वॉरफरिन, फेनिटॉइन, डायझेपाम, थिओफिलिन, कार्बामाझेपिन. रेशो 0.3 च्या खाली. यांचा क्लिअरन्स ठरतो यकृतातल्या एन्झाइमांच्या ताकदीवर आणि औषधाचा किती भाग प्रथिनांना न चिकटता मोकळा आहे त्यावर. रक्तप्रवाह कमी झाला तरी यांना फारसा फरक पडत नाही. मधलेही काही आहेत, मिडाझोलाम त्यांतलं एक. त्यांच्याबाबत दोन्ही बाजू पाहाव्या लागतात.

आकडे एकदा हाताने करून पाहा, मग विसरणार नाही. सूत्र असं: रक्तप्रवाह गुणिले यकृताची मूळ क्षमता, भागिले या दोघांची बेरीज. मूळ क्षमता म्हणजे रक्ताची टंचाई अजिबात नसती तर यकृताने दर मिनिटाला केवढं रक्त साफ केलं असतं ते, मोकळ्या औषधाचा हिशेब धरून. भरभर साफ होणाऱ्या एका औषधासाठी क्षमता 13,500 मिलिलिटर धरा, रक्तप्रवाह 1500. उत्तर 1350. आता हृदय थकलं आणि प्रवाह 750 वर आला. उत्तर साधारण 710. क्लिअरन्स जवळजवळ अर्ध्यावर.

दुसऱ्या औषधासाठी क्षमता फक्त 50 धरा. प्रवाह 1500 असताना क्लिअरन्स 48, प्रवाह 750 झाल्यावर 47. तोच रुग्ण, तेच यकृत, तीच अर्धी झालेली धार. एका औषधाचा निचरा निम्मा झाला आणि दुसऱ्याच्या गावीही नाही. "हार्ट फेल्युअर आहे, सगळेच डोस अर्धे करा," असं कोणी सांगितलं तर ते का चूक, याचं उत्तर या चार आकड्यांत आहे.

वॉर्डात याचा सर्वांत सरळ फटका दिसतो लिग्नोकेनच्या ड्रिपमध्ये. हृदयाचे ठोके अनियमित झाले म्हणून शिरेतून लिग्नोकेन चालू आहे आणि हृदयाची पंप करण्याची ताकदच कमी झालेली आहे. ड्रिपचा वेग नेहमीचा ठेवला तर काही तासांत रुग्ण ओठ-जीभ बधिर झाल्याचं सांगतो, गुंगीत जातो, पुढे झटकेही येऊ शकतात. म्हणून अशा रुग्णात ड्रिपचा वेग सुरुवातीपासूनच कमी ठेवतात. त्याला आधीपासून प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर आणखी सावध राहा. ते हृदयाचं काम कमी करतं, यकृताकडे जाणारं रक्तही कमी होतं, आणि लिग्नोकेन जास्त वेळ मागे राहतं.

गोळी आणि इंजेक्शन यांचा हिशेब वेगळा

इथे जवळजवळ प्रत्येक वर्गात गोंधळ होतो, म्हणून जरा थांबते.

तोंडाने घेतलेली गोळी आधी यकृतातून जाते. रेशो 0.9 असलेल्या औषधाचा नव्वद टक्के भाग पहिल्याच फेरीत गळतो, शरीराला मिळतो दहा टक्के. प्रोप्रॅनोलॉल शिरेतून देताना 1 मिलिग्रॅम हळूहळू देतात आणि गोळी असते 40 मिलिग्रॅमची, त्यामागे मुख्यतः हेच कारण. छातीत कळ आली की सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायला सांगतात तेही याचसाठी. जिभेखालचं रक्त यकृताला वळसा घालून थेट हृदयाकडे जातं. आजोबांनी घाईत ती गोळी पाण्याबरोबर गिळली तर आराम उशिरा आणि कमी पडतो. गोळी देताना "गिळू नका, जिभेखाली ठेवा" हे दोनदा सांगा आणि त्यांच्याकडून वदवून घ्या.

आता प्रश्न: यकृताचा रक्तप्रवाह निम्मा झाला तर तोंडाने घेतलेल्या प्रोप्रॅनोलॉलचं काय होईल? मुलं म्हणतात, साचेल. काजूच्या कारखान्यात परत जा. टोपल्या सावकाश येऊ लागल्या, तर न फोडता पुढे सरकणाऱ्या बिया आणखी कमी होतील. वरच्याच आकड्यांत रेशो 0.90 वरून जवळजवळ 0.95 झाला, म्हणजे पहिल्या फेरीतून निसटणारा भाग दहा टक्क्यांवरून पाचावर आला. आत शिरतंय निम्मं आणि बाहेर जाण्याचा वेगही निम्मा. दोन्ही एकमेकांना कापतात, सरासरी पातळी साधारण तेवढीच राहते. तेच औषध शिरेतून दिलं तर मात्र आत शिरतं पूर्ण आणि निचरा होतो निम्मा, म्हणून पातळी चढते. प्रत्यक्षातल्या आजारी यकृतात एन्झाइमही थकलेली असतात, तेव्हा गोळीच्या बाबतीतही निर्धास्त राहू नका. पण शिरेतून देताना धोका जास्त का, हे आता स्पष्ट झालं असेल.

सिरोसिसचा, म्हणजे यकृत कडक होऊन आक्रसलेला, रुग्ण या हिशेबाबाहेरचा. त्याच्या यकृतात रक्ताला वाट मिळत नाही, म्हणून पोर्टल शिरेतलं रक्त बाजूच्या आडवाटांनी यकृताला टाळून पुढे जातं. पहिल्या फेरीत नव्वद टक्के गळायला हवं होतं ते गळतच नाही. अशा रुग्णाला प्रोप्रॅनोलॉलची नेहमीची गोळीसुद्धा कितीतरी जास्त लागू पडू शकते, म्हणून छोट्या डोसने सुरुवात करतात.

चौथी पायरी: मूत्रपिंड, म्हणजे भाताचा कुणगा

दर मिनिटाला मूत्रपिंडात येणाऱ्या रक्तातला द्रव भाग, म्हणजे प्लाझ्मा, साधारण 600 ते 650 मिलिलिटर. त्यातला पाचवा हिस्सा, सुमारे 125 मिलिलिटर, गाळून नळ्यांमध्ये उतरतो. दिवसाचे होतात 180 लिटर, आणि त्यातले दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं शरीर परत शोषून घेतं.

औषधं इथून दोन मार्गांनी बाहेर पडतात. काही फक्त गाळली जातात, जेंटामायसिन त्यांतलं. त्यांचा क्लिअरन्स गाळण्याच्या वेगापलीकडे जात नाही. काहींना नळीच्या भिंतीतल्या पेशी ओढून बाहेर टाकतात. मेटफॉर्मिनचा क्लिअरन्स गाळण्याच्या वेगाच्या चार-पाच पट असतो तो यामुळे. पेनिसिलिन तर इतक्या झपाट्याने जातं की निरोगी माणसात अर्ध्या तासात पातळी निम्मी होते. 1941 साली ऑक्सफर्डमध्ये पहिल्या रुग्णाला पेनिसिलिन दिलं तेव्हा साठा इतका कमी होता की त्याच्या लघवीतून ते परत काढून पुन्हा त्यालाच टोचलं होतं. ही ओढून टाकली जाणारी औषधं गाळण्याइतकीच येणाऱ्या प्लाझ्माच्या प्रवाहावरही अवलंबून असतात.

आता कुणगा, म्हणजे बांध घातलेला भातशेतीचा तुकडा, डोळ्यांसमोर आणा. वरच्या बाजूने पाणी येतं, खालच्या बांधातल्या तोंडातून जातं. पाऊस ओढला आणि वरचं पाणी कमी झालं तर शेतकरी काय करतो? वरचं तोंड मोकळं करतो, खालचं आवळतो, म्हणजे कुणग्यात पाणी टिकतं. मूत्रपिंडाची गाळणी अगदी असंच करते. येणारी धमनी रुंद ठेवण्याचं काम प्रोस्टाग्लँडिन करतात, जाणारी धमनी आवळण्याचं काम अँजिओटेन्सिन करतं. म्हणून रक्तदाब थोडाफार खाली आला तरी गाळण्याचं काम बरंच टिकून राहतं.

आता आपल्याकडच्या कुठल्याही वाडीतली सत्तरीची आजी घ्या. ब्लडप्रेशरसाठी एनालाप्रिल, पायांना सूज येते म्हणून पाण्याची गोळी, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन. पावसात गुडघे धरले म्हणून दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक. आणि त्यात जुलाब लागले. पाण्याच्या गोळीने आणि जुलाबांनी वरचं पाणी आटवलं. डायक्लोफेनॅकने प्रोस्टाग्लँडिन बंद पाडली, वरचं तोंड आवळलं. एनालाप्रिलने अँजिओटेन्सिन तयार होऊ दिलं नाही, खालचं तोंड उघडं राहिलं. कुणगा कोरडा. एकेक गोळी तिच्यापुरती बरोबर होती. त्यातल्या या तीन गोळ्या आणि जुलाब एकत्र आल्यावर दोन दिवसांत मूत्रपिंड बसतं आणि मग मेटफॉर्मिन साचायला लागतं. त्यातून रक्तात लॅक्टिक आम्ल वाढण्याचा धोका असतो.

म्हणून उलट्या-जुलाब घेऊन आलेल्या प्रत्येक वयस्कर रुग्णाच्या गोळ्यांची पिशवी मागवा. "गोळ्या चालू आहेत का?" असं विचारू नका. उत्तर "हो" किंवा "नाही" मिळतं आणि दुकानातून आणलेल्या वेदनाशामकाला कोणी गोळी धरतच नाही. पिशवी टेबलावर रिकामी करा. या तिन्ही-चारही गोळ्या पाणी भरून निघेपर्यंत थांबवायच्या का, हे डॉक्टरांनी त्याच वेळी ठरवायला हवं. आणि पुन्हा कधी सुरू करायच्या, ते कागदावर लिहून द्यायला हवं, नाहीतर बी.पी.ची गोळी कायमची सुटते.

क्रिएटिनिनवरून गाळण्याचा अंदाज काढायला 1976 चं कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र आजही औषधाच्या डोससाठी वापरतात. 140 मधून वय वजा करा, वजनाने गुणा, क्रिएटिनिनच्या 72 पटीने भागा, बाई असेल तर 0.85 ने गुणा. माझ्या तांडेलांचं करून पाहा: 68 गुणिले 48, भागिले 93.6. उत्तर साधारण 35. गाळण्याचा वेग मिनिटाला 35 मिलिलिटर, आणि मी त्यांना गाळण्याचा वेग 100 असलेल्या माणसाचं जेंटामायसिन देत होते. सडपातळ म्हाताऱ्या माणसात स्नायू कमी, म्हणून क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होतं. तिथे 1.3 हा आकडा निर्धोक वाटतो, पण निर्धोक नसतो.

शिवाय हे 35 सुद्धा जास्तच होतं. क्रिएटिनिन चढायला दिवस-दोन दिवस लागतात. आज सकाळी मूत्रपिंडाचं रक्त कमी झालं तर आज दुपारचा रिपोर्ट कालच्या मूत्रपिंडाची बातमी देतो. आजची बातमी मिळते रुग्णाच्या अंगावर.

पाचवी पायरी: खाटेजवळ जा

हाताच्या पाठीने रुग्णाची पावलं आणि गुडघे चाचपा. वॉर्डात पंखा, बाहेर पाऊस, तरी पावलं कोमट असायला हवीत. नखावर पाच सेकंद दाबून सोडा. रंग दोन-तीन सेकंदांत परत आला पाहिजे. जीभ पाहा. मग लघवी मोजा. "होते का?" असं विचारून भागत नाही, मापाचं भांडं द्या. मोठ्या माणसात तासाला प्रत्येक किलोमागे अर्धा मिलिलिटर ही खालची मर्यादा. 48 किलोच्या माणसाला तासाला 24, म्हणजे सहा तासांत दीडशेच्या आसपास. त्याखाली गेलं की मूत्रपिंडाला रक्त पुरत नाहीये असं धरून चाला आणि तिथून जाणाऱ्या प्रत्येक औषधाकडे पुन्हा पाहा. यात कुठलंच यंत्र लागत नाही. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हे सगळं आजच्या आज होऊ शकतं.

हातपाय गरम होण्याला किती अर्थ असतो हे कोकणाएवढं कोणाला कळावं? लाल विंचू गडग्याच्या चिऱ्यांत, लाकडांच्या राशीत, पेंढ्यात असतो. त्याच्या विषाने शरीरात अॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय बर्फासारखे पडतात, घामाने अंग भिजतं, आणि हृदय त्या ओझ्याखाली थकून फुप्फुसात पाणी भरतं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी 1980 च्या दशकात यावर प्राझोसिन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या साध्या गोळीचा उपयोग दाखवून दिला. आधी असंख्य मुलं दगावत होती, ते प्रमाण खूप खाली आलं. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. या उपचारात गोळी दर तीन तासांनी देत राहायची ती हातपाय गरम होईपर्यंत. पायाचा स्पर्श हेच रक्तप्रवाहाचं मोजमाप. अशा थंड पडलेल्या रुग्णाच्या यकृताला आणि मूत्रपिंडालाही रक्त कमीच मिळत असतं, तेव्हा प्राझोसिनबरोबर तुम्ही दुसरं जे काही शिरेतून देता आहात त्याचा निचरा मंद आहे असं समजा.

थंड पडलेल्या रुग्णाबद्दल एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती जीवावर बेतते. त्याला स्नायूत किंवा कातडीखाली मॉर्फिन टोचू नका. तिथे रक्तच फिरत नाही, औषध तिथेच पडून राहतं. वेदना थांबत नाहीत म्हणून दुसरा डोस दिला जातो. मग सलाईनने रक्तप्रवाह परत आला की दोन्ही डोस एकदम रक्तात येतात आणि श्वास मंदावतो. द्यायचंच तर शिरेतून, थोडं थोडं. मॉर्फिनला दोन्ही दारं लागतात हेही लक्षात असू द्या: यकृत त्याचं रूपांतर करतं आणि तयार झालेलं एक जोमदार द्रव्य मूत्रपिंडाने बाहेर काढायचं असतं. यकृत ठीक असलं तरी लघवी थांबलेल्या माणसात ते साचतं.

लावणीच्या दिवसांत आपल्याकडे लेप्टोचे रुग्ण येतात. ताप, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल, आणि मूत्रपिंडावर घाला. इथे औषध निवडतानाच दार पाहता येतं. डॉक्सीसायक्लिन मूत्रपिंडावर फारसं अवलंबून नाही, सेफ्ट्रिआक्झोन पित्तातूनही जातं. पेनिसिलिन मात्र मूत्रपिंडाचं, तेव्हा मूत्रपिंड फार बिघडलं की त्याचे डोस दूरदूर करावे लागतात.

उलटी बाजूही असते. गरोदरपणात हृदय तीस ते पन्नास टक्के जास्त रक्त ढकलतं, मूत्रपिंडाचं गाळणं जवळपास निम्म्याने वाढतं, त्यामुळे मूत्रपिंडातून जाणाऱ्या औषधांची पातळी खाली येते. तरुण, धडधाकट माणसात जंतुसंसर्गाच्या सुरुवातीला अंग तापलेलं, नाडी उड्या मारणारी, हातपाय गरम असतात. अशा वेळी मूत्रपिंड अँटिबायोटिक इतक्या वेगाने फेकून देऊ शकतं की नेहमीचा डोस तोकडा पडतो.

सहावी पायरी: डोस हातात घेताना

क्लिअरन्स कमी आहे असं वाटलं की नवी मंडळी पहिला डोसच निम्मा करतात. असं करू नका. पहिला डोस ठरतो औषध शरीरात कुठवर पसरतं त्यावर. ते भांडं भरायचं असतं. क्लिअरन्सवर ठरतो पुढचा डोस आणि दोन डोसांमधलं अंतर. गंभीर जंतुसंसर्गात पहिलं अँटिबायोटिक पूर्ण द्यायचं, काटकसर दुसऱ्या डोसापासून. माझ्या तांडेलांना पहिलं जेंटामायसिन पूर्णच द्यायला हवं होतं. चुकलं ते पुढचं, दुसऱ्या दिवशीही त्याच वेळेला, तेवढंच.

क्लिअरन्स निम्मा झाला की, औषध पसरण्याची जागा तेवढीच असेल तर, पातळी निम्मी व्हायला दुप्पट वेळ लागतो. या वेळेला अर्धकाळ म्हणतात. आणि डोस बदलल्यावर नवी पातळी स्थिर व्हायला असे चार-पाच अर्धकाळ जावे लागतात. दुपारी डोस कमी केला आणि संध्याकाळी रुग्ण अजून गुंगीत आहे म्हणून गोंधळू नका. आधीचं साठलेलं संपायला वेळ हवा असतो.

आता मी केस पेपरवर डोसच्या आधी तीन गोष्टी लिहिते आणि माझ्या हाताखालच्या मुलांकडून लिहून घेते. औषध कोणत्या दाराने जातं. त्या दारात काम रक्तावर अडतं की हातांवर. आणि आज पावलं कशी आहेत, लघवी किती आहे. तिसरी गोष्ट दररोज नव्याने लिहायची. सलाईन चढलं, लघवी मोकळी झाली, पावलं गरम झाली की मूत्रपिंड दोन दिवसांत पुन्हा कामाला लागतं, आणि कमी केलेला डोस आता अपुरा पडू लागतो. तो पुन्हा वाढवायचा, हेही त्याच कागदावर, त्याच सकाळच्या राउंडला, पाय चाचपून झाल्यावर.